पापडाआड गेलेलं शहर

मी सांगत होते ते कुणालाच पटलं नाही. चौकात सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं, देवळाच्या पायरीवर उभी राहून ओरडून सांगितलं की ती रेघ खोटी आहे. लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला ऊन लागलंय. "गोजरा, तू चौथी शिकलेली. तू आपले पापड लाट," म्हणाले. पापड तर मी लाटतेच. पण डोळ्यांनी बघायला माणसाला किती यत्ता लागतात? म्हणून आता सगळं लिहून काढते. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

एका देशात चार मोठी शहरं होती. एक समुद्राकाठी, एक दोन नद्यांच्या संगमावर, एक डोंगराच्या उतारावर, आणि चौथं उघड्या माळावर. हे चौथं आमचं. राजाला एकदा इच्छा झाली की आपली चारही शहरं आकाशाखाली कशी दिसतात ते शेजारी शेजारी ठेवून पाहावं. त्या देशात एक वृद्ध चित्रगुरू होते. वयामुळे त्यांना प्रवास झेपेना. त्यांनी आपला शिष्य पाठवला. शिष्य तिशीचा, अबोल, खांद्यावर कापडाची गुंडाळी.

गुरूंनी त्याला एवढंच सांगितलं होतं, "घरं काढू नकोस, माणसं काढू नकोस. शहर संपून आकाश जिथे सुरू होतं तेवढी एकच रेघ ओढ. तीच त्या शहराची मुद्रा."

शिष्य वर्षभर फिरला आणि चार रेघा घेऊन परतला. त्या एका लांब कापडावर उतरवून कापड पाळीपाळीने चारही शहरांच्या चौकांत टांगलं.

आमच्या चौकात टांगलं त्या दिवशी मी पिठाची परात तशीच टाकून गेले. समुद्राकाठच्या शहराची रेघ फणीच्या दात्यांसारखी, एकेक दाता माझ्या हाताएवढा. संगमावरच्या शहराचे कळस तर कापडाच्या वरच्या काठाला टेकलेले. डोंगरउतारावरचं शहर जिन्यासारखं पायरीपायरीने चढत गेलेलं. आणि शेवटी आमचं. शिंप्याने खडूने खूण करावी तशी एक आडवी रेघ, मधे दोन-चार बारीक खवले. संपलं.

मग राजाचं काम बघणारा एक व्यापारी पुढे आला. तो दगडाचा व्यापार करायचा. त्याने हुकूम वाचला. ज्या शहराची रेघ सर्वांत ठेंगणी, त्या शहराला कमीपणा वाटू नये म्हणून राजा तिथे मधोमध बारा मजली मनोरा बांधून देणार. मधोमध म्हणजे आमची पापडगल्ली. चाळीस घरं चाळीस दिवसांत रिकामी करायची आणि ओढ्यापलीकडच्या खोलगट जागेत जाऊन राहायचं. तिथे दुपारीसुद्धा ओल असते. आम्ही चाळीस घरं वाळवणावर जगणारी. पापड, कुरडया, सांडगे. ऊन नाही तर आमच्या चुली नाहीत.

मी म्हटलं, "ही रेघ खोटी आहे. आपलं घंटाघर कुठंय हिच्यात?"

शेजारची सुंद्राबाई म्हणाली, "तो बघ की बारका खवला. तेच असेल."

"अगं, पाच मजली घंटाघर! आत्ता तुझ्या डोक्यावर उभंय. मान वर करून बघ!"

तिने मान वर करून बघितलं. मग कापडाकडे बघितलं. मग पुन्हा वर. आणि म्हणाली, "आपल्याला रोजचं म्हणून मोठं वाटत असेल गं. एवढ्या शिकल्या माणसाने काढलंय."

सगळा चौक असाच. घंटाघराच्या सावलीत उभे राहून लोक म्हणायचे, आपलं घंटाघर लहानच आहे. माझं डोकं चालेना. मला वाटायला लागलं, खरंच आपल्यालाच मोठं दिसतंय की काय? घरी जाऊन मी दाराची उंची हाताने मोजून आले. दार होतं तेवढंच होतं.

मग मी ठरवलं, शिष्याला कुणीतरी फितवलंय. आधी वाटलं व्यापाऱ्याने, त्याला दगड खपवायचे आहेत. मग वाटलं समुद्राकाठच्या लोकांनी. मग वाटलं गुरूच खोटे. रोज एक नवा चोर धरायचा आणि रात्रीपर्यंत सोडायचा, असे दहा दिवस गेले. गल्लीतल्या बायका भांडीकुंडी बांधायला लागल्या. अकराव्या दिवशी मी डोक्यावर पाटी घेतली आणि दोन कोस चालत गुरूंच्या आश्रमात गेले.

गुरू ओट्यावर बसले होते. शिष्य शेजारी रंग कुटत होता. माझ्याकडे बघून त्याने मान खाली घातली. मी स्वतःशीच म्हटलं, बघा, मनात खोट आहे याच्या.

नमस्कार न करताच मी सुरुवात केली. "गुरुजी, तुमच्या या शिष्याने आमचं शहर मातीत घातलं. पाच मजल्यांचं घंटाघर मोहरीएवढं केलं. आता आमची घरं जातायत. त्याला कुणी काय चारलं ते विचारा."

गुरूंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "पोरी, पाटीत काय आहे?"

"पापड. आणखी काय असणार माझ्याकडे?"

"एक दे."

मला वाटलं, म्हाताऱ्याला भूक लागली असेल. म्हटलं, "भाजून देते ना. चूल कुठंय?"

"नको. कच्चाच दे. मोडलेला नको, चांगला गोल दे."

पापड घेऊन त्यांनी उपरण्यात जपून ठेवला आणि म्हणाले, "चल, तुझ्या चौकात जाऊ." मी इथे न्याय मागायला आले, आणि हे पापड घेऊन फिरायला निघाले. मला काही उमजेना. शिष्याने त्यांना बैलगाडीत बसवलं. मी गाडीमागून चालत राहिले, रागातच.

चौकात गर्दी जमली. व्यापारीही आला. गुरूंनी पापड त्याच्या हातात दिला.

"शेठ, हात लांब करा. एक डोळा मिटा. या पापडाने ते घंटाघर झाका बघू."

"गुरुजी, हा काय खेळ?"

"म्हाताऱ्याचा हट्ट समजा."

व्यापाऱ्याने हात लांब केला, डोळा मिटला. पापड इकडे नेला, तिकडे नेला. घंटाघर वरूनही दिसायचं, खालूनही दिसायचं. लोक हसायला लागले. तो वैतागून म्हणाला, "नाही झाकत. एवढासा पापड, एवढं मोठं घंटाघर!"

"मोठं आहे म्हणता?"

"म्हणजे... इथून तर मोठंच दिसतंय."

"बरं, आता माझ्यामागे या. पापड सांभाळा."

गुरू गाडीत बसून वेशीबाहेर निघाले. मागे व्यापारी, त्याच्या मागे अख्खा चौक. भर उन्हात. कुणी विचारायचं, कुठे चाललोय? दुसरा सांगायचा, पापड वाळवायला. सुंद्राबाई मला म्हणाली, "गोजरा, तुझ्या नादाने आज गाव वेडं झालं." गुरूंच्या मनातलं मला तरी कुठे माहीत होतं?

कोसभर गेल्यावर चुन्याच्या जुन्या भट्टीजवळचा उंचवटा आला. त्याच्या पायथ्याशी एक विहीर आहे. गुरूंनी गाडी तिथे थांबवली. "शेठ, पुन्हा तेच करा."

व्यापाऱ्याने हात लांब केला, डोळा मिटला, आणि तसाच उभा राहिला. मी जाऊन त्याच्या हातातला पापड ओढून घेतला आणि स्वतः बघितलं. घंटाघर गेलं. धान्याची कोठारं गेली. देवळांचे कळस गेले. माझी गल्ली गेली. आमचं अख्खं शहर माझ्या हाताने लाटलेल्या पापडाआड गेलं. पापड बाजूला केला तर समोर खडूची एक आडवी रेघ, मधे दोन-चार खवले. कापडावर होती तशीच्या तशी.

म्हणजे रेघ खोटी नव्हती. आणि चौकातलं घंटाघरही खोटं नव्हतं. मग खोटं काय होतं?

गुरू म्हणाले, "चार शहरांची तुलना केली असं तुम्हाला वाटलं. खरं म्हणजे तुम्ही चार जागांची तुलना केलीत, जिथे एक माणूस उभा होता. रेघ कापडावर आली, उभं राहण्याची जागा कापडावर आली नाही. ती लिहून आण, हे मी याला सांगायला विसरलो. एवढा दोष माझा."

व्यापाऱ्याने घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, पण कागदाचा होता. तो म्हणाला, "गुरुजी, पटलं. हुकूम मागे घ्यायला माझी हरकत नाही. पण एकदा निघालेला हुकूम चूक कोणाची ते लिहिल्याशिवाय राजा परत घेत नाही. नेमकं कोणामुळे चुकलं, ते एकच नाव लागतं. विसरलो असं चालत नाही. आणि ते नाव चारही शहरांच्या चौकांत फळीवर लागतं. कायमचं."

"मग याचंच लिहा," मी शिष्याकडे बोट केलं. "हाच इथे उभा होता."

शिष्य शांतपणे म्हणाला, "लिहा माझं."

"थांब," गुरू म्हणाले. "आधी सांग, तू कुठेकुठे उभा होतास?"

शिष्य पहिल्यांदाच नीट बोलला. समुद्राकाठी कोळ्यांनी त्याला होडीत बसवून अगदी धक्क्याजवळ नेलं होतं, वर जेवायलाही घातलं. संगमावर पुजाऱ्यांनी घाटावर चटई टाकून दिली आणि दिवसभर डोक्यावर छत्री धरली. डोंगरउतारावर एका गिरणीवाल्याने स्वतःची माडी मोकळी करून दिली, चार दिवस.

"आणि इथे?"

"इथे एका गच्चीवर चढलो होतो. तिथून सगळं शहर जवळून दिसतं. पण हाकलून दिलं. मग त्या गल्लीत कुणीच चढू देईना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कोण तो मेला? राजाच्या कामावर आलेल्या माणसाला हाकललं? त्याच्यापायी चाळीस घरं उठायची! नाव घे त्याचं. मी बघते त्याच्याकडे!"

शिष्याने विहिरीकडे बघितलं.

"बोल की! घाबरतोस कशाला? मी आहे ना!"

तो खाली बघून म्हणाला, "बाई, गच्चीभर कुरडया वाळत होत्या. मी कडेकडेनेच चाललो होतो. कावळे हाकायची काठी घेऊन एक बाई अंगावर आली. म्हणाली, परक्याची सावली पडली की कुरडई लाल पडते. मी पाणी मागितलं. ती म्हणाली, वेशीबाहेर विहीर आहे. मी या विहिरीवर आलो, पाणी प्यालो आणि इथेच बसून रेघ ओढली."

गल्लीत गच्च्या चाळीस आणि उन्हाळ्यात कुरडया चाळीसही गच्च्यांवर. पण घंटाघर, कोठारं आणि कळस एकदम दिसतात अशी गच्ची एकच आहे. सगळ्यांचे डोळे एकाच जागी आले.

मी आठवायचा प्रयत्न केला. खरं सांगते, मला त्याचं तोंड आठवेना. गव्हाचा चीक पहाटेपासून घोटायचा, तो आंबू न देता घालायचा, कावळ्यांशी भांडायचं, शेरडं हाकायची, आणि त्यात कोण कोण जिना चढून येतं. मी किती जणांना काठी दाखवली असेल, त्याचा हिशेब कोण ठेवतो? सावलीचं मला आईने शिकवलं होतं. तिला तिच्या आईने. ते खरं की खोटं, मी कधी विचारलं नाही. आजही मला नक्की सांगता येणार नाही.

गुरू माझ्याकडे न बघता, शहराकडे बघत म्हणाले, "जागा माणूस स्वतः निवडतो असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ती त्याला दिलेली असते. दाराशी आलेल्याला आपण जिथे उभं करतो, तिथूनच तो आपल्याला बघतो. आणि जसं बघतो तसंच पुढे चार ठिकाणी सांगतो. त्यात तो खोटं बोलत नाही."

सुंद्राबाई पदराचं टोक चावत उभी होती. व्यापाऱ्याने गाडीच्या फळीवर कागद पसरला, लेखणी शाईत बुडवली आणि शिष्याकडे बघितलं. शिष्य पुन्हा म्हणाला, "माझं लिहा. बाई वयाने मोठ्या आहेत. त्यांचं नाव चौकांत नको." त्याचं नाव फळीवर गेलं असतं तर पुन्हा कुणी त्याच्या हातात खडू दिला नसता. तरी म्हणाला.

मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. राग होता, पण तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. अकरा दिवस मी चोर शोधत होते. हातातला पापड कधी दुमडला ते कळलंच नाही.

मी व्यापाऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "त्याचं नाही. मी सांगते ते लिही. अक्षर मोठं काढ, चारही चौकांत लांबून वाचता आलं पाहिजे."

त्याने विचारलं, "काय लिहू, बाई?"

मी म्हटलं, "गोजरा धोंडीबा भिंगारे."