भांगेभोवतीचा गडगा

“…आणि वारा थांबतच नसेल, तर माणसाने करायचं तरी काय, बाबा?”

दुपारपासून हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारून झाला होता. केवळनाथबाबांनी तिन्ही वेळा नुसतं “हूं” केलं आणि कुंपणासाठी नारळाची झावळी विणत राहिले.

हेरंब तोरसकर मात्र एका जागी बसेना. मठाच्या ओसरीवर त्याच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. खाली समुद्र, वर उघडा सडा, म्हणजे नुसतं कातळाचं पठार, आणि सड्यावर कमरेच्या वर वाढलेलं झुडूप औषधालाही सापडायचं नाही. अशा जागी या गृहस्थाला भांग पिकवायची होती. तीही साधीसुधी नव्हे.

हिमालयाच्या पायथ्याची मादी आणि या मठामागच्या परड्यातला नर, असा त्याने संकर केला होता. पहाडी झाडाचं औषधी तेल आणि इथल्या झाडाचा काटकपणा एका वाणात आणायचा, हे त्याचं वेड. त्यात आठ वर्षं गेली. सरकारी परवाना होता, तेलाची वाट बघणारे वैद्य होते. पण परवान्याचं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा बी हाती आलं नाही, तर वाणही गेला आणि आठ वर्षंही गेली.

माणूस हुशार. शेतकी कॉलेजचं सुवर्णपदक मिळवलेला, आणि ते कोणाला विसरू न देणारा. बाबांकडे तो शिष्य म्हणून येई खरा, पण शिकायला कमी आणि शिकवायला जास्त.

“किती झाडां उरली?” बाबांनी विचारलं.

“अकरा होती. उघड्यावर सहा मोडली. मग मी चारी बाजूंनी चिऱ्यांचा गडगा घातला. पुरुषभर उंच. सांधे सिमेंटने बुजवले.”

“मगे?”

“मगे काय! वारा गडग्यावरून उडी मारून आत पडला. आणखी दोन आडवी झाली. म्हणून वर प्लास्टिक ताणलं, पत्र्याचं दार बसवलं. आता आत झुळूकसुद्धा शिरत नाही.”

“बरा झाला.”

“काय बरं झालं!” तोरसकरने खिशातून रुमाल काढून उलगडला. आत भांगेचा एक तुरा होता. त्याच्यावर करड्या बुरशीची लव आली होती. “आज सकाळी हे दिसलं. उरलेल्या तीन झाडांपैकी एकावर. बी भरायला अजून तीन आठवडे आहेत, बाबा… तीन आठवडे.”

त्याचा आवाज चिरकला. आपल्याला रडू येईल की काय, अशी त्याला भीती वाटली, आणि त्या भीतीचाच राग आला.

बाबांनी तुरा नाकाशी धरला.

“वारो इलो तर मोडतत. नाय इलो तर कुसतत.”

“तेच तर सांगतोय मघापासून! आणि तुमची ती बघा.” त्याने परड्याकडे बोट केलं. “ठेंगणी, वाकडी, दोन झाडं एकसारखी नाहीत. कुंपण म्हणजे चार झावळ्या, त्यातून कोंबडी आरपार जाते. तरी खुशाल उभी! यात शास्त्र काय आहे, ते तरी सांगा.”

“शास्त्र तुका ठावक.”

“मग मी इथे कशाला आलोय?”

बाबांनी झावळी खाली ठेवली, गुडघ्यांवर हात देऊन उठले. “चल.”

दोघं सड्यावर आले. वाऱ्याने बाबांची कफनी अंगाला चिकटवली, तोरसकरचा चष्मा नाकावरून सरकवला. गडग्यापाशी येताच बाबांनी पत्र्याचं दार उघडलं.

“बस आत.”

“मी?”

“तू.”

“किती वेळ?”

बाबांनी दार लोटून घेतलं. कडी घातली नाही.

आत शांत होतं. कितीतरी दिवसांनी कानात वारा घोंघावत नव्हता. तोरसकरला आपल्याच बांधकामाचं कौतुक वाटलं. मांडी घालून तो झाडांसमोर बसला. पाठ ताठ केली, डोळे मिटले.

थोड्या वेळाने मानेवर घाम आला. वरच्या प्लास्टिकवरून एक थेंब नाकावर पडला. त्याने तो पुसला. दुसरा पडला.

डोळे उघडले. तिन्ही झाडांची पानं ओली होती. एकही पान हलत नव्हतं. शिळ्या पाण्याचा वास येत होता. आधी नव्हता का हा वास? रोज दोनदा आत येऊन पाणी घालतो, तेव्हा कसा आला नाही? तेव्हा आपण घाईत असतो… त्याने तीन आठवड्यांचे दिवस मोजले. पुन्हा मोजले. शर्ट पाठीला चिकटला. श्वास आत जात होता, पण भागत नव्हतं. तो उठला, बसला, पुन्हा उठला, आणि दाराला लाथ घालून बाहेर पडला.

बाहेर तो वाऱ्याकडे तोंड करून धापा टाकत राहिला.

“तुका पाय होते,” बाबा म्हणाले.

तोरसकरने मागे वळून आतल्या झाडांकडे पाहिलं.

“मी त्यांना वाचवत होतो हो, बाबा…”

“व्हय.”

त्याने बाजूच्या अवजारांच्या खोपीतून पहार आणली. समुद्राकडच्या बाजूचा एक सांधा फोडला. आपणच ओतलेलं सिमेंट, चांगलंच पक्कं निघालं. हाताला फोड आले तेव्हा कुठे एक चिरा सुटला. तो त्याने खाली ठेवला.

भोकातून वारा शीळ घालत आत शिरला. झाडं थरथरली. पानांवरचं पाणी टपटप गळलं. आणि मधल्या झाडाची एक फांदी कट्कन मोडली.

“गेली!”

तोरसकर चिरा उचलायला धावला. पाहतो तर बाबा त्याच चिऱ्यावर बसलेले.

“उठा, बाबा! बुजवू दे मला! मोडेल सगळं!”

“उठा म्हणतो ना!”

बाबा जागचे हलले नाहीत. तोरसकर धावत आत गेला. मधल्या झाडाला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. फांदी एकच गेली होती. बाकीचं झाड त्याच्या मुठीत हलत होतं, सारखं हलत होतं, आणि उभं होतं. त्याने मूठ सैल केली. तरीही उभंच होतं.

बराच वेळ गेला.

भोकातून त्याला बाबांची पाठ दिसत होती. त्याने तिथूनच विचारलं. आवाज आता खाली आला होता, पण जिवाची तगमग गेली नव्हती.

“किती दगड काढू, बाबा? चार? दहा? माप सांगा. कमी काढले तर कुजतील, जास्त काढले तर मोडतील. चुकलो तर तिन्ही जातील. काहीतरी माप असेलच की…”

बाबा चिऱ्यावरून उठले. कफनी झटकली. मठाकडे दोन पावलं चालले, आणि मागे न बघता म्हणाले,

“आतच बस. इतक्या वाऱ्यात तुका निवांत वाटला, की आनी एक काढ.”