पाणाईला ‘ये’ कुणी म्हणायचं?

एक होता राजा. राजाचं गाव लहान, पण गावाचं तळं मोठं. इतकं मोठं, की या काठावरून हाक मारली तर त्या काठाला नुसती कुजबुज पोचायची. त्या तळ्यात राहायची पाण्याची बाई. तिचं नाव पाणाई. पावसाळ्यात ती भरून यायची, पायऱ्या चढून राजवाड्याच्या दारापर्यंत जायची, उंबऱ्याला हात लावायची आणि मागं फिरायची. दर वर्षीचं होतं ते, बरं का.

मग एका वर्षी काय झालं, राजानं लग्न करून नवी राणी आणली. राणी नेसली जरीचा शालू नि राहिली दारात उभी. पाणाईला वाटलं, नवी सून आली, जरा जवळून बघावी. म्हणून ती उंबऱ्याच्या आत आली. शालूचा काठ भिजला. राणीला आला राग. ती म्हणाली, “जा बाई, जा इथून एकदाची.”

आता सांगा, आपल्यात कुणाला असं ‘जा’ म्हणतात का? बोहारीण निघाली तरी ‘येते’ म्हणते, आणि आपण म्हणतो, ‘ये हं’. पण राणी म्हणाली ‘जा’. मग पाणाई गेली.

पहिल्या वर्षी पायऱ्या उतरली. दुसऱ्या वर्षी तळ्यातला हत्तीएवढा खडक उघडा पडला. तिसऱ्या वर्षी नुसता चिखल राहिला, मग तोही वाळला. भेगा अशा, की शेळीचा पाय अडकावा. ढग यायचे, पण डोंगरावरच बसून राहायचे. ते ढग म्हणजे पाणाईचं माहेर. ती तिथं जाऊन बसली होती, तोंड फिरवून. अशी किती वर्षं गेली, कोण मोजतंय.

तळ्याच्या काठी येसू भोईण राहायची. होडी चालवायची, मासे धरायची. आता होडी पालथी पडलेली, नि तिच्याखाली कोंबडी अंडी घालत होती. येसूला एकच लेक, गिरजा. तळ्याच्या पलीकडच्या गावात दिलेली, तिथल्या विहिरीला अजून थोडं पाणी होतं. गिरजाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून येसूनं टोपडी शिवली, दुपटी शिवली. पण गिरजाच्या सासूचा निरोप आला, “विहीणबाई, तुमच्याकडं घोटभर पाणी नाही. बाळाला कशानं न्हाऊ घालणार? लेक काही पाठवत नाही.”

येसू तशीच उठली. तिनं डोंगराची वाट धरली.

तिच्या आधी दोघं जाऊन आले होते, बरं का. पहिला गेला सेनापती. ढोल-नगारे वाजवले नि म्हणाला, “राजाचा हुकूम आहे, खाली उतर.” पाणाईनं पदर कानावर घेतला. मग गेला प्रधान. त्यानं साडी मांडली, नारळ मांडला, हिरवा चुडा मांडला. म्हणाला, “हे घ्या आणि चला.” पाणाईनं बघितलंसुद्धा नाही.

मग गेली येसू. हातात काही नाही. दमली होती, ती सरळ पाणाईच्या शेजारी बसली नि म्हणाली, “तू बरी माहेरी येऊन बसलीस गं. माझ्या लेकीला मात्र माहेर राहिलं नाही.”

पाणाई वळली. “ते का?”

“तू नाहीस म्हणून. बाळ-बाळंतिणीला पाणी नको?”

पाणाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत दुसरं काय येणार म्हणा. ती म्हणाली, “येसू, यायला माझे पाय शिवशिवतात. पण ज्या दारात ‘जा’ म्हटलं, त्या दारातून कुणी ‘ये’ म्हणायला नको का?”

“एवढंच ना? बघते मी.” येसू उठली. “बरं, येते.”

पाणाई हसली. “तू तरी ‘येते’ म्हणालीस.”

येसू गेली ती थेट राजवाड्यात. राणी म्हणाली, “मी ‘जा’ म्हटलं? मला नाही बाई आठवत.”

“तुम्हाला नसेल आठवत, राणीसाहेब. जिला म्हटलं तिला आठवतं.”

राणी उठली. मग दारात आली नि ओठांतल्या ओठांत म्हणाली, “ये.” ढग हलला नाही. येसू म्हणाली, “असं बोलावलं तर माझी कोंबडीसुद्धा यायची नाही.”

मग राणी मान ताठ करून म्हणाली, “पाणाई, आपण यावं.” एक ढग जरासा उठला, नि परत बसला.

मग राणी उंबऱ्यावर बसली. दोन्ही हात पसरले आणि लेकीला मारतात तशी हाक मारली, “ये गं बाई, ये घरी. चुकलं माझं. हे दार तुझंच आहे.”

मग काय विचारता. सगळा डोंगर गडगडला. पाऊस असा आला, की समोरचं माणूस दिसेना. ओढे धावले, नाले धावले. भेगा मिटल्या, चिखल झाला. हत्तीएवढा खडक बुडाला. गाव सगळं काठावर, थाळ्या वाजवत, चिंब भिजत. येसूनं होडी सुलटी केली, तशी कोंबडी उडून तिच्या डोक्यावर बसली. कोंबडीसकट येसू निघाली वल्हं मारत, पलीकडच्या गावाला.

“विहीणबाई,” तिनं होडीतूनच विचारलं, “पाणी पुरेल ना?”

“पुरे गं बाई,” विहीण म्हणाली. “माझ्या चुलीत शिरलं. ने तुझी लेक.”

गिरजा माहेरी आली. पाणाई पायऱ्या चढून राजवाड्याच्या दाराशी आली, नि बाहेरच थबकली. राणी म्हणाली, “आत ये की.” आणि शालूचा काठ तिनं आपल्या हातानं पाण्यात सोडला.

गिरजाला मुलगी झाली. तळ्याच्या पाण्यानं घंगाळ भरलं, नि पोर न्हाऊन अशी झोपली, की बारशाच्या गलबल्यातही जागी झाली नाही. राणीचं दार भरलं, येसूचं घर भरलं, तसं तुमचं-आमचं भरू दे.

चला, पाय पोटाशी घ्या. दिवा बारीक करते. झोप बाहेर उंबऱ्यावर उभी आहे. तिला काय म्हणायचं? हळूच म्हणा.

ये.