म्हाळूनं हद्द राखली

डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. त्या गावाच्या वरच्या आळीत एक भोळा गडी राहायचा. म्हाळू त्याचं नाव. अंगानं रेडा, मनानं लोणी. सांगाल तेवढं करायचा, आणि तिथंच सगळा घोटाळा व्हायचा.

त्याची बायको ठकू रुसून माहेरी जाऊन बसली होती. वरच्या आळीत पाण्याचा थेंब नव्हता. डोंगरातल्या झऱ्यावरून हंडे वाहून बिचारीची मान आखडली. जाताना म्हणाली, "दाराशी पाणी येईल तेव्हाच मी येईन. तोवर बसा स्वतःच्या हातचं खात." आता म्हाळूच्या हातचं म्हाळूलाच गिळवत नव्हतं, तर तो काय करणार?

आळीनं पंचायतीकडं पाणी मागितलं. पंचायत म्हणाली, "साऱ्या गावाच्या पैशानं तुमच्या एका आळीला पाणी कसं द्यावं? तुमची हद्द वेगळी आखा, हद्दीतल्या घरांवर पट्टी बसवा, आणि आणा की पाणी!"

सरूआत्या आळीची म्होरकी. तिनं पदर खोचला. "घरटी पायलीभर जोंधळा पट्टी. तो विकून झऱ्यापासून पाट खणू, कोपऱ्यावर दिवाही लावू."

म्हाळू पुढं झाला. "आत्या, मला काम सांगा. माझी ठकू यायचीय."

"मग चुना घे अन् आळीभोवती हद्दीची रेघ ओढ. पण सरळ ओढ हो, वाकडी नको."

म्हाळूनं सरळ ओढली. वाटेत नागूतात्या घोंगडीवर झोपलेले. रेघ त्यांच्या पोटावरून गेली.

तात्या दचकून उठले. "अरे, हे काय?"

"हलू नका तात्या. डोकं हद्दीत आलंय, पाय भाईर आहेत."

"मग पट्टी अर्धीच द्यायची का रे?"

सरूआत्यानं कपाळावर हात मारला. "म्हाळ्या, कामाच्या मधे माणूस आलं तर हळूच उचलावं, बाजूला ठेवावं, मग पुढचं काम करावं."

"बरं आत्या. आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी म्हाळू पट्टीचा जोंधळा गोळा करायला निघाला. येसबाच्या घरी लेकाची हळद चाललेली. जोंधळ्याची कणगी आतल्या अंगाला, आणि मधे पाटावर नवरदेव. म्हाळूनं त्याला हळूच उचललं, गोठ्यातल्या गव्हाणीत ठेवलं आणि पायली भरून घेतली. म्हैस लागली नवरदेवाची हळद चाटायला. बायका शिव्या देत म्हाळूच्या मागं धावल्या.

सरूआत्या म्हणाली, "मुडद्या, नवरदेवाला असं उघड्यावर टाकतात? शुभ गोष्ट झाकून ठेवावी. बाहेरच्याची दृष्ट लागू देऊ नये."

"बरं आत्या. आता तसंच करीन."

आळीच्या कोपऱ्यावर दिवा लागला. हद्दीतली पहिली शुभ गोष्ट. खालच्या आळीची माणसं बघायला आली. म्हाळूला वाटलं, झाली आता दृष्ट! त्यानं घरून मोठी पाटी आणली आणि दिव्यावर पालथी घातली. गुडुप अंधार झाला. नागूतात्या खणायला घेतलेल्या नव्या पाटात जाऊन पडले.

"आता सगळाच आत आलो रे!" तात्या खालून ओरडले. "घे, पुरी पट्टी घे!"

सरूआत्यानं पाटी भिरकावली. "अरे, बघितल्यानं दिवा झिजतो का? अडवायचंच असेल तर रेघेवर उभा राहा, फुकट्यांना अडव. आत येणाऱ्याला विचारायचं, पट्टी भरली का? नसेल भरली, तर आत पाऊल नाही. मग तो कुणी का असेना!"

"बरं आत्या. आता तसंच करीन."

पाट खणून झाला. सकाळीच झऱ्याचं तोंड मोकळं केलं. आळीत बायका हंडे मांडून बसल्या. निरोप गेला तशी ठकूही बोचकं घेऊन निघाली. म्हाळू वरच्या अंगाला, रेघेवर, छाती काढून उभा.

पाणी आलं खळखळत.

"थांब!" म्हाळू म्हणाला. "पट्टी भरली का?"

पाणी म्हणालं, खळखळ.

"म्हणजे नाही भरली." म्हाळूनं पाटात दगड रचले, माती लिंपली, बांध घातला. पाणी रेघेबाहेर तुंबलं. बघता बघता तळं झालं, आणि खालच्या आळीच्या म्हशी त्यात डुंबायला आल्या.

तेवढ्यात ठकू पोचली. "अहो, दाराशी पाणी कुठंय?"

"ते काय, भाईर. पट्टी न भरता आत शिरत होतं. मी बरा सोडीन!"

ठकूनं बोचकं आपटलं आणि तळ्याकाठी फतकल मारली. "दाराशी पाणी नाही, तर मी घरात नाही. ही निघाले माहेरी."

पाणी आत सोडावं, तर आत्याचा शब्द मोडतो. न सोडावं, तर ठकू जाते. म्हाळूनं डोकं खाजवलं. मग धावत घरी गेला. आल्या पावली परतला, तर डोक्यावर घराचं दार. कडीकोयंड्यासकट बिजागरीतून उपसून आणलेलं! तळ्याच्या काठाला चिखलात ते उभं केलं, त्याला पाठ लावून बसला आणि म्हणाला, "ये गं ठके. आलं बघ दाराशी पाणी."

ठकू आधी दाराकडं बघत राहिली. मग पाण्याकडं, मग नवऱ्याकडं. मग अशी हसत सुटली, की म्हशींनी डुंबायचं थांबवलं. हसता हसता उठली, वळसा घालून दारामागं गेली आणि त्याच्या शेजारी बसली.

इकडं हंडे कोरडेच बघून अख्खी आळी रेघेवर धावत आली. सगळ्यात पुढं सरूआत्या, हातात केरसुणी. "म्हाळ्या! अरे मेल्या, पाणी सोड!"

उघड्या माळावर दाराला पाठ लावून बसलेला म्हाळू आतून म्हणाला, "आत्या, घरात बायको आलीय. आधी कडी वाजवा."