धुळाबाचा फुटका धोंडा

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की खडकवण्याला धड वाटही नव्हती आणि कड्यावरून कुणी ना कुणी पडायचंच. त्यांची मोडलेली हाडं बसवायला गावात एकच हाडवैद्य, धुळाबा. नुसतं चाचपून आतलं हाड कुठं सरकलंय ते सांगायचा, असं म्हणतात.

पण एकदा चुकला. भिवा मेंढक्याचा हात वाकडा बसला. झालं! धुळाबा स्वतःच्याच मागे हात धुऊन लागला. करंटा, आंधळा, हात झडावेत मेल्याचे, असं दिवसभर स्वतःशीच पुटपुटायचा. जेवताना तेच, निजतानाही तेच. त्याची बायको सारजा ऐकून ऐकून किटली. भिवा तर त्याहून वैतागला, कारण दिसेल तिथं धुळाबा त्याच्या पाया पडायचा. अहो, त्या वाकड्या हातानं तो मेंढरं कातरत होता, काठी फिरवत होता, त्याची काही तक्रार नव्हती. पण सांगायचं कुणाला?

मग काही वर्षांनी भिवाच कड्यावरून घसरला आणि पाय मोडून बसला. लोकांनी त्याला उचलून धुळाबाच्या दारात आणलं. पाय लगेच बसला नाही तर जन्माचं लंगडेपण, आणि लंगड्यानं कड्यावर मेंढरं राखायची कशी? धुळाबानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. मी शिवणार नाही म्हणाला. भिवा कळवळत ओरडला, की दुसरा आहे कोण इथं?

सारजाचं डोकंच फिरलं. तिनं नवऱ्याला दंडाला धरून अंगणातल्या काळ्या धोंड्यापुढं बसवलं.

"स्वतःला म्हणता ते सगळं ह्याला म्हणा. मोठ्यानं. एकही शिवी गाळायची नाही."

धुळाबा बोलत गेला. वर्षानुवर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं, आणि धोंडा वरपासून खालपर्यंत तडकला, असं म्हणतात. वर कड्यावरची मेंढरंसुद्धा बिचकली.

"बघा, धोंड्याला सोसलं नाही," सारजा म्हणाली. "तुम्ही तर हाडामासाचे. आता नेमकं चुकलं काय होतं, तेवढंच सांगा."

धुळाबानं तडकलेल्या धोंड्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "भिवाच्या हाताला बांधायच्या कामट्या आखूड पडल्या."

"मग लांब घ्या की!"

त्यानं बांबूच्या लांब कामट्या काढल्या आणि पाय बसवला. शिवी ओठांवर आली, ती गिळून बसवला. भिवा पुन्हा कडा चढला.

आजही खडकवण्यात कुणाची भिंत ढासळली, कुणाचं बी वाया गेलं, की माणूस धुळाबाचं नाव घेऊन त्या धोंड्यापाशी जातो. चूक एकदा सांगायची, पुढच्या वेळी काय करायचं ते सांगायचं आणि उठायचं. कुणी तिथंच कुढत बसलं, तर पाण्याला निघालेली एखादी म्हातारी खेकसतेच, "ऊठ आता. धोंडा एकदा फुटलाय, आणखी किती फोडशील?"