गच्चीवरची बाग आणि गप्प राहिलेला गवंडी

कोणे एके काळी, डोंगर आजच्याच जागी होते पण त्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हा एका काळ्या कातळावर एक राजवाडा होता. कातळ असा, की त्यावर गवताची काडीसुद्धा तग धरत नसे. उन्हाळ्यात वाडा तव्यासारखा तापायचा.

तिथल्या राजाला एकच मुलगी, तीही आईवेगळी. नऊ वर्षांची, बडबडी, पण छातीने अधू. चार पावलं चालली की तिला धाप लागे. वैद्य म्हणाले, "हिला औषधापेक्षा हिरवाईतला वारा मानवेल. पण रोज डोंगर उतरणं-चढणं हिला झेपायचं नाही."

"मग बाग वर येईल," राजा म्हणाला. राजे लोक असंच बोलतात. बाग वर आणायची कुणी, हे त्याने दुसऱ्या दिवशी ठरवलं.

काम आलं वाड्याच्या म्हाताऱ्या गवंड्याकडे. वाड्याच्या निम्म्या गच्च्या त्याच्याच हातच्या. मुलीवर त्याचा भारी जीव होता आणि ती त्याला आजोबाच म्हणायची. तिच्या दालनाच्या बरोबर डोक्यावर बाग करायची, म्हणजे तिला जिन्याने उचलून पटकन वर नेता येईल, असं ठरलं.

गवंड्याने राजाला नीट समजावलं. "महाराज, साधी गच्ची चार महिने भिजते आणि आठ महिने वाळते. बागेखालची गच्ची बारा महिने ओलीच राहणार. शिवाय वर मुळं. ती पाण्याच्या मागावर खाली उतरणारच. पाणी अडवायचे दोन मार्ग आहेत. राळ आणि जवसाचं तेल कढवून वरून लेप द्यायचा, होडीच्या बुडाला देतात तसा. चार दिवसांत काम होतं, आवाजसुद्धा होत नाही. पण ती नुसती कातडी. मूळ टोचलं की कारभार आटोपला. दुसरा मार्ग कोब्याचा. चुन्यात विटांचे तुकडे, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून वीतभर थर द्यायचा आणि तो लाकडी थाप्यांनी दीड महिना पिटायचा. मग लेप लागत नाही. तो थर अंगानंच पाण्याला नाही म्हणतो."

"मग कोबाच करा," राजा म्हणाला. इथवर सगळं ठीक होतं.

चाळीस बाया थाप्या घेऊन गच्चीवर बसल्या. त्यांची म्होरकी केस पिकलेली, तोंडाने फटकळ. तिचा हिशेब साधा होता. मारल्यावर थापी कोब्यात बसते तोवर काम कच्चं. थापी आपटून वर उडायला लागली, टणटण वाजायला लागली, की काम पक्कं.

पण वर पडणारी प्रत्येक थापी खाली दालनात घुमू लागली. आठ दिवस झाले. मुलगी दोन्ही कानांवर उशी दाबून पडून राही. राजा स्वतः गच्चीवर आला. त्याचा चेहरा उतरला होता. "तिच्या डोळ्याला डोळा नाही. हे पिटणं थांबवता येईल का?"

"महाराज, महिनाभर लेकीला पालखीतून आजोळी पाठवा," हे शब्द गवंड्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण आईमागे राजाने तिला एक दिवस नजरेआड केलं नव्हतं. कसं सांगायचं? तो मुलीला बघायला खाली गेला, तर ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझ्याच डोक्यावर मारताय असं वाटतं. आता नका ना मारू."

म्हातारा विरघळला. त्याने वर येऊन हात वर केला आणि चाळीस थाप्या थांबल्या.

म्होरकी उठून त्याच्याजवळ आली. "दादा, थापी अजून बसतिया. उडंना. आत कोबा कच्चाच हाय."

"वरून राळेचा लेप देऊ."

"दिसाया झाक दिसंल. पर मुळं काय राळेला इचारून आत येत्यात व्हय?"

"पोरीचं डोकं दुखतंय गं."

"मग पोरीला हलवा चार दिस. कोब्याला कुठं हलवायचं?"

गवंड्याने राळ कढवायला लावली. चार दिवसांत लेप झाला. गच्चीवर घोट्यापर्यंत पाणी पंधरा दिवस कोंडून ठेवलं, तर खाली टिपूस नाही! गवंड्याने सुटकेचा निःश्वास सोडला. ही परीक्षा पाण्याची झाली, मुळांची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने मनाची समजूत घातली.

मग माती चढली. मोगरा आला, जाई आली, अबोली आली. मुलीने एका कोपऱ्यात आपल्या हाताने डाळिंब लावलं. रोज सकाळी तिला वर नेत. दोन वर्षांत तिच्या गालांवर रंग आला आणि एके दिवशी तर ती कुणाचा हात न धरता सगळा जिना चढून गेली. राजाने वाड्यात साखर वाटली आणि गवंड्याच्या खांद्यावर स्वतः शेला घातला. त्या दिवशी त्याच्याइतका सुखी माणूस त्या कातळावर दुसरा नव्हता.

तिसऱ्या वर्षी मुलीच्या पलंगाच्या वर छताला एक डाग दिसला. तळहाताएवढा. गवंड्याने बोट लावून पाहिलं. गार लागलं. वर बरोबर तिथेच डाळिंब होतं.

आता एकच उपाय होता. सगळी बाग उपसायची, कोबा फोडायचा आणि पहिल्यापासून पिटायचा. त्याने वर जाऊन पाहिलं, तर मुलगी परकराच्या ओच्यात फुलं वेचत होती. "उद्या सांगू," तो मनाशी म्हणाला आणि डागावर चुन्याचा हात मारून मोकळा झाला. डाग पुन्हा आला, त्याने पुन्हा चुना मारला. असं सात वेळा झालं. चुन्याने डाग झाकला जातो, ओल जात नाही, हे त्याच्याहून जास्त कुणाला कळत होतं? कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण उगाच येता-जाता म्हणतो. इथे ते खरोखर मुरत होतं, आणि एका लहान जिवाच्या उशाशी मुरत होतं.

मुलीला खोकला लागला. धाप परत आली. वैद्य गोंधळून गेले. "बागेत हिला बरं वाटतं आणि दालनात आली की श्वास कोंडतो. या दालनात ओल तर नाही ना?"

सगळ्यांनी गवंड्याकडे पाहिलं. छत पांढरंशुभ्र होतं, कालच रंगवलेलं. आता खरं बोलायचं तर सात वेळा लपवलं हेही बोलावं लागणार होतं.

"नाही," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तो राजाच्या दालनाच्या उंबऱ्यापर्यंत तीनदा गेला आणि तीनदा परत फिरला. चौथ्या दिवशी सकाळी मुलगी गेली. जाताना तिने आजोबांची आठवण काढली होती, असं दाईने त्याला सांगितलं. 

दिवस झाले. मग गवंडी कुदळ घेऊन गच्चीवर गेला आणि त्याने एकट्याने कोपऱ्यातली माती उपसली. राजाला वर बोलावून आणलं. राळ फाटली होती. बोटाएवढं पांढरं मूळ तिच्यातून आत शिरलं होतं आणि कच्च्या कोब्यात हातपाय पसरून बसलं होतं. कोबा मुठीत दाबला तर पाणी गळत होतं.

गवंड्याने सगळं सांगितलं. डाग, चुना, आणि तो एक शब्द.

राजाने वाकून त्या मुळाला हात लावला. मग म्हणाला, "पिटणं मीच थांबवायला सांगितलं होतं."

"आपण बाप म्हणून बोललात, महाराज," गवंडी म्हणाला. "गवंडी मी होतो."

राजाने त्याला शिक्षा केली नाही. करायला हवी होती, असं गवंड्याला मरेपर्यंत वाटत राहिलं. तो वाडा सोडून पायथ्याच्या गावात राहायला गेला. पुन्हा त्याने कुणाची गच्ची केली नाही. कुणी सल्ला विचारायला आलं तर तो ही सगळी हकीकत सांगे, स्वतःचं काही न झाकता, "नाही, म्हणालो मी" हेसुद्धा.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढंच पदरात घ्या: ज्याच्यावर माया आहे त्याला कडू खरं वेळेवर सांगावं, कारण मायेपोटी लपवलेलं खरं त्याच्याच जिवावर उठतं.