ठकू सुइणीची दोरी

फार वर्षं झाली, तेव्हा आपल्या गावात दोन आळ्या होत्या. वरची आळी ऐसपैस. खालची इतकी दाटीची की दोन भिंतींमधून अंग चोरून जावं लागे, आणि ऊन तर फिरकतच नसे. वरच्या आळीचं सांडपाणी खालच्या आळीच्या विहिरीला खेटून वाहायचं. वरच्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

खालच्या आळीत ठकू सुईण राहायची. मूल जन्मलं की ती त्याच्या उंचीएवढी दोरी तोडायची आणि दर दिवाळीला त्याला नवी दोरी लावायची. वरच्या पोरांना जुनी दोरी आखूड पडे. खालच्यांना तीच दोन-दोन वर्षं पुरे. तिची नात बायजा पाच वर्षांची झाली, तरी तिला तिसऱ्या वर्षाची दोरी होत होती.

मापलं की पोर खुंटतं, असा तेव्हा समज होता. आळीनं ठकूलाच बोल लावला. सूनही म्हणाली, "आत्याबाई, माझ्या लेकीला आता दोरी लावू नका."

ठकूला ते फार लागलं. आपलंच चुकलं असेल, असं तिलाही वाटलं. दोन वर्षं तिनं दोरीला हात लावला नाही. पोरं तरी वाढली नाहीत.

मग ती पाटलांकडे गेली. नाला वळवा, भिंती मागं घ्या, म्हणाली. पाटलांनी सांगितलं, उंची देव देतो.

"मग देवाचं ऊन आन् चांगलं पाणी वरच्याच आळीला कसं, पाटील?"

पाटील उठून आत गेले.

ठकूनं सगळ्या पोरांच्या दोऱ्या एकीला एक बांधल्या, वरच्या नाल्यापासून गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत अंथरल्या आणि नाल्याच्या तोंडाशी जाऊन बसली. असं म्हणतात, तिसऱ्या दिवशी पाणी तिच्या छातीला लागलं, थबकलं आणि दोरीच्या मागोमाग ओढ्याकडे वळलं. लाजेनं लोकांनी भिंती मागं घेतल्या. त्या आपणहून सरल्या, असंही म्हणतात.

तीन दिवस पाण्यात बसून ठकूला हिवताप भरला, त्यातच ती गेली. पुढची पोरं उंच झाली. बायजाची मात्र वेळ निघून गेली होती. म्हातारपणीही ती ओट्याएवढीच होती.

आजही गावात पाया खणण्याआधी शेजारच्या भिंतीपासून ठकूची दोरी ताणतात. एक टोक घरधनी धरतो. दुसरं आधी बायजा धरायची, आता आळीतलं सगळ्यांत बुटकं माणूस धरतं. ते "पुरे" म्हणेपर्यंत कुणी कुदळ उचलत नाही.