सगुणाबाईने सोडलेली भिंत

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा चिमण्या माणसांशी बोलायच्या आणि माणसंही त्यांचं ऐकून घ्यायची.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात सगुणाबाई नावाची एक बाई राहायची. नवरा कधीच गेलेला. पदरी एक मुलगा, दोन खोल्यांचं मातीचं घर आणि भाताचं एक खाचर, एवढाच तिचा संसार. पण घर असं, की वाटेने जाणारा माणूस दोन पावलं मागे येऊन पुन्हा बघायचा.

शोभेसाठी म्हणून सगुणाबाईने बाजारातून कधी दोरासुद्धा आणला नाही. आणायला पैसे नव्हते हे खरं, पण असते तरी तिने आणला नसता, हेही तितकंच खरं. ती म्हणायची, "ऋतू दारात येऊन काही ना काही टाकून जातो. ते उचलायचं सोडून बाजार कशाला धुंडाळू?" चैत्रात आंब्याच्या पानांची तोरणं, श्रावणात तेरड्याच्या फुलांचे झुबके, दिवाळीत वाळलेला भोपळा कोरून केलेला दिवा, माघात पेंढ्याच्या वेण्या घालून विणलेले पडदे. भिंती गेरूने सारवायच्या, बांबूची काडी ठेचून कुंचला करायचा आणि तांदळाच्या पिठीने वेली काढायच्या. वेल अशी सरळ चढायची, की गवंड्याने ओळंबा लावून बघावी.

गावातल्या बाया दर सणाला मुद्दाम घर बघायला यायच्या. सगुणाबाई "त्यात काय एवढं" म्हणायची, आणि ज्या कोपऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलेलं नसेल तिथे त्यांना पाण्याचा तांब्या देऊन बसवायची.

एका वैशाखात तिच्या मुलाचं लग्न झालं. सून आली ती समुद्राकाठची, तीन दिवसांच्या वाटेवरची. मंजुळा तिचं नाव. आई लहानपणीच गेलेली, बाप नावाडी. पोर गुणी आणि हसरी होती.

त्या मुलखात एक रीत होती. लग्न झालेली लेक पहिलं पीक हाती येईपर्यंत सासरी राहायची. मग नवान्नाच्या दिवशी, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधायच्या दिवशी, तिचा बाप यायचा आणि पाच जाणत्या माणसांसमोर विचारायचा, "राहतेस की येतेस?" लेक म्हणेल ते खरं. "येते" म्हणाली तर बाप तिला घेऊन जायचा आणि कुणी कुणाला दोष द्यायचा नाही. शहाणी रीत होती. पुढे कुणी आणि का मोडली, ते मला ठाऊक नाही.

सगुणाबाईने पहिल्याच दिवशी ठरवलं, या पोरीला आईची उणीव भासू द्यायची नाही. शेतात आणि चुलीपाशी मंजुळा मदत करायची, ते चालायचं. पण घराच्या शोभेला हात लावायला गेली, की सासू तिच्या हातातून वस्तू काढून घ्यायची. "तू बस गं बाई. हातावरची मेंदी अजून उतरली नाही तुझी." मेंदी पंधरा दिवसांत उतरली. आषाढ उजाडला तरी कारण तेच.

मंजुळा बसायची. सासू तोरण करायची, ती बघायची. सासू विचारायची, "कसं झालंय?" ती म्हणायची, "छान झालंय, आई." खरंच छान झालेलं असायचं.

श्रावणात एकदा मंजुळा बांधावरून परत येताना ओटीत गोगलगायींचे रिकामे शंख घेऊन आली. काही बोटाएवढे, काही वाटाण्याएवढे. तिने ते सुतळीत ओवले. गाठी मोठ्या झाल्या, मोठ्या शंखाशेजारी लहान आला, मधेच एक उलटा बसला. तिने ती माळ स्वयंपाकघराच्या झरोक्यात टांगली आणि वारा आला की तिचा किणकिण आवाज ऐकत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाईला माळ दिसली आणि तिला मायेचं भरतं आलं. पोरीने आपल्या घरासाठी काहीतरी केलं होतं. तिने माळ अलगद उतरवली, सगळी सोडवली, शंख लहान-मोठे असे क्रमाने लावले, उलटा होता तो सुलटा केला, मधेमधे तेरड्याचे गोंडे बांधले आणि ती पुढच्या दारावर लावली. दिवसभर येईल त्याला सांगत राहिली, "माझ्या सुनेनं केलीय." यात खोटेपणा नव्हता, अभिमान होता. पण मंजुळा ओढ्यावरून धुणं घेऊन आली तेव्हा तिला आपली माळ ओळखायला जरा वेळ लागला. ती म्हणाली, "छान झालीय, आई." त्यानंतर तिने घरातल्या कशालाही हात लावला नाही.

हळूहळू तिचं हसू कमी झालं. भाकरी अर्धीच खायची. काम संपलं की पडवीच्या टोकाला, पाहुणी बसते तशी, पदर सावरून बसायची.

सगुणाबाईच्या हे लक्षात आलं. तिला वाटलं, पोरीला समुद्राची आठवण येत असेल. तिने आपली शोभा दुप्पट केली. जागा मिळेल तिथे तोरण, रिकामी दिसेल त्या भिंतीवर वेल. मंजुळा प्रत्येक वेळी "छान आहे" म्हणायची, आणि दर वेळी तो आवाज आधीपेक्षा बारीक व्हायचा.

भादवा सरला, नवान्नाला दहा दिवस उरले. सगुणाबाईने मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "काय म्हणते रे ती?"

मुलगा म्हणाला, "काहीच म्हणत नाही. मी विचारलं, तर म्हणते तुमचं घर फार सुंदर आहे. आई, मला भीती वाटते." तो शेताकडे निघून गेला. सगुणाबाई बराच वेळ तिथेच उभी राहिली. भीती तिलाही वाटत होती, आणि ती काही फक्त मुलासाठी नव्हती. पाच महिन्यांत तिचा त्या मुलीवर जीव जडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओटी झाडायला आली, तर झाडलेल्या जागेवर पुन्हा काड्या पडलेल्या. वर वासा आणि भिंत यांच्या फटीत चिमणीने घरटं केलं होतं. कसलं घरटं ते, नुसता काड्यांचा विस्कटलेला पसारा. दोन चिंध्या बाहेर लोंबत होत्या. शेजारीच सगुणाबाईने चिमण्यांसाठी विणून टांगलेली टोपली होती. तिला बारीक दार होतं, आत सावरीचा कापूस होता. अशी टोपली ती दरवर्षी टांगायची आणि दरवर्षी ती रिकामी राहायची.

एरवी ती पुटपुटून झाडायला लागली असती. आज मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून तिने डोकं वर करून विचारलं, "अगं बये, एवढी मऊ टोपली सोडून त्या फटीत काय ठेवलंय?"

चिमणी म्हणाली, "टोपली सुरेख आहे. बाहेरगावच्या चिमण्या आल्या की मी त्यांना दाखवते."

"मग राहत का नाहीस तिच्यात?"

"तिच्यात मला करायला काही उरलंच नाही. एक काडी नेऊन ठेवावी म्हटलं, तर ठेवू कुठे? आणि ठेवलीच, तर तू ती उचलून सरळ लावशील." चिमणीने चोचीतली काडी फटीत तिरकी खोचली. "बसायला मी कुठेही बसेन, सगुणे. राहायला मला माझी काडी लागते."

सगुणाबाईने केरसुणी खाली ठेवली. तिला ती शंखांची माळ आठवली. आपण ती नीट केली नव्हती, पोरीच्या हातून काढून घेतली होती, हे तिला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

ती तशीच आत गेली. मंजुळा तांदूळ निवडत होती. सगुणाबाई तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "मंजुळे, तुझ्या माळेला मी हात लावायला नको होता. चुकलं माझं."

मंजुळेने सूप खाली ठेवलं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती पाच महिन्यांचं सगळं रडली. सगुणाबाईने तिला पोटाशी धरलं. रडणं ओसरल्यावर ती तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेली.

रस्त्याकडची, ओटीची भिंत म्हणजे सगुणाबाईच्या घराची शान. तिच्यावरची वेल बघायला लोक यायचे. सगुणाबाईने गेरूचा बोळा भिजवला आणि मंजुळेच्या देखत सगळी वेल पुसून भिंत कोरी केली.

"ही यंदा तुझी," ती म्हणाली. "मी सांगणार नाही आणि विचारणारही नाही."

"पण आई, नवान्नाला सगळा गाव येतो. बिघडली तर?"

"बिघडली तर तुझी बिघडेल. माझी कुठे बिघडतेय?"

बोलायला सोपं होतं. पुढचे आठ दिवस सगुणाबाईने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. मंजुळेने भिंतीवर लाटा काढल्या, त्या एका बाजूला उतरत गेल्या. होड्या काढल्या, त्यांच्या शिडांवर डिंकाने भाताचा तूस चिकटवला. मग एक मासा काढला आणि तो होडीपेक्षा मोठा झाला. सगुणाबाई हात निऱ्यांत खुपसून बसायची. तेही जमेना, तेव्हा शेतावर जाऊन न फुटलेले बांध लिंपायची.

सातव्या दिवशी दुपारी मंजुळा विहिरीवर गेली होती. माशाची शेपटी वाकडी झाली होती. फार नाही, एक रेघ ओढली असती तर सरळ झाली असती. सगुणाबाईने इकडेतिकडे पाहिलं, कुंचला उचलला, पिठीत बुडवला आणि भिंतीपाशी गेली. तेवढ्यात विहिरीच्या वाटेवरून गुणगुणणं ऐकू आलं. मंजुळा डोक्यावर घागर घेऊन गात येत होती. या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा गात होती. सगुणाबाईने कुंचला होता तिथे ठेवला आणि हाताला लागलेली पिठी लुगड्याला पुसली.

नवान्नाचा दिवस आला. दाराला नव्या लोंब्या बांधल्या गेल्या आणि गावातल्या बाया घर बघायला जमल्या. भिंतीसमोर येऊन सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक जुनी शेजारीण म्हणाली, "सगुणे, यंदा हात थरथरला का गं तुझा? मासा होडीहून मोठा झालाय."

"समुद्रात असतात तसे," सगुणाबाई म्हणाली. "आपण कुठे पाहिलाय समुद्र?"

पदराआड कुणीतरी हसलं. मंजुळा दारात उभी राहून ऐकत होती. तिची मान खाली गेली नाही.

दुपारी तिचा बाप आला, पायांवर तीन दिवसांची धूळ घेऊन. घरात न शिरता तो भिंतीसमोरच थांबला. एका होडीच्या शिडावर मुलीने ठिगळ काढलं होतं, त्याच्या स्वतःच्या शिडाला होतं तसंच, तिथेच. त्याने त्यावरून बोट फिरवलं.

मग पाच जाणती माणसं येऊन ओटीवर बसली. मुलगा खांबाला टेकून उभा होता, चेहरा उतरलेला. सगुणाबाई उंबऱ्यावर बसली होती.

बापाने रीतीप्रमाणे विचारलं, "मंजुळे, राहतेस की येतेस?"

मंजुळा म्हणाली, "बाबा, भिंत मातीची आहे. पुढच्या पावसात हे सगळं धुऊन जाईल. मी तुमच्याबरोबर आले, तर पुढच्या वर्षी परत काढणार कोण?"

बापाला उत्तर कळलं होतं, तरी तो म्हणाला, "विहीणबाई आहेत की. पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव आहे."

सगळ्यांनी सगुणाबाईकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मला मासे येत नाहीत."

जन्मात पहिल्यांदा तिने चारचौघांत काही येत नाही असं कबूल केलं होतं. म्हातारा नावाडी हसला, त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, नव्या तांदळाचा भात पोटभर जेवला आणि दोन दिवसांनी एकटाच समुद्राच्या वाटेला लागला.

पुढे त्या घराची शोभा पूर्वीइतकी रेखीव राहिली नाही, असं काही बाया म्हणत. मंजुळेच्या लाटा सासूच्या वेलींत घुसायच्या आणि कुठली रेघ कुणाची ते सांगता यायचं नाही. पण घरातून गुणगुणणं ऐकू यायचं, आणि लवकरच ते दोन आवाजांत ऐकू यायला लागलं.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: माणूस घरात रमावा असं वाटत असेल, तर त्याच्यासाठी घर सजवून ठेवू नये, त्याच्याही हाताने सजू द्यावं.